अनोळखी माणसाचा भरवसा

पाठपरिचय : पूर्वी माणूस ओळखीच्या माणसावरच विश्वास ठेवत असे. आज मोबाइलच्या मदतीने लोक अनोळखी माणसाच्या मोटारीत बसतात आणि अनोळखी माणसाच्या घरी मुक्काम करतात. हा विश्वास कसा निर्माण होतो, तो कुठे कमी पडतो आणि तो टिकवण्यासाठी आपण काय केले पाहिजे, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकजण शेअर रिक्षात बसले असाल. आमच्या भिवंडीहून कल्याणला जाणाऱ्या रिक्षा एस.टी. स्टँडजवळ रांगेत उभ्या असतात. एक सीट भरते, दुसरी भरते, तिसरी भरली की रिक्षा सुटते. शेजारी बसलेला माणूस कोण, कुठला, काय करतो, हे आपल्याला ठाऊक नसते. तरी आपण निर्धास्त बसतो. आपल्याला भीती का वाटत नाही?

थोडा विचार करा. रिक्षावाल्याच्या शर्टावर बिल्ला असतो. रिक्षावर नंबर असतो. स्टँडवरचे इतर रिक्षावाले त्याला ओळखतात. रस्ता आपल्या पायाखालचा असतो. म्हणजे आपण त्या माणसाला ओळखत नसलो, तरी त्याला ओळखणारे कुणीतरी आहे, हे आपल्याला माहीत असते.

आता दुसरा प्रसंग पाहा. तुम्ही महामार्गाच्या कडेला उभे आहात. एक अनोळखी माणूस मोटार थांबवतो आणि म्हणतो, "चला, मी नाशिकला चाललो आहे. थोडे पैसे द्या, तुम्हालाही नेतो." तुमची अम्मी तुम्हाला त्या गाडीत बसू देईल का? मुळीच नाही! आणि तिचे बरोबरच आहे.

पण आज जगात लाखो लोक असा प्रवास करतात. ते अनोळखी माणसाच्या गाडीतून शेकडो किलोमीटर जातात. परगावी गेल्यावर अनोळखी माणसाच्या घरी खोली घेऊन राहतात. आपल्याजवळची वस्तू, गाडी किंवा खोली दुसऱ्याला काही काळ वापरायला देऊन त्याबद्दल पैसे घ्यायचे, अशा या व्यवहाराला 'सहभागी अर्थव्यवस्था' म्हणतात. हा सारा व्यवहार एका गोष्टीवर उभा आहे. ती गोष्ट म्हणजे विश्वास.

विश्वासाची जुनी साधने

अनोळखी माणसाशी व्यवहार करणे ही आजची गोष्ट नाही. व्यापारी फार पूर्वीपासून ते करत आले आहेत. आपल्याकडे हुंडीची पद्धत होती. व्यापारी एका शहरातील सावकाराकडे पैसे भरत असे आणि एक कागद घेत असे. तो कागद दुसऱ्या शहरातील पेढीवर दाखवला की त्याला पैसे मिळत. वाटेत रोकड बाळगण्याची गरज उरत नसे. कागदाला स्वतःची किंमत काहीच नव्हती. किंमत होती ती सावकाराच्या पतीला.

अशीच एक गोष्ट मिसर देशातील आहे. जुन्या कैरो शहरात, फुस्तात या भागात, यहुदी लोकांचे एक प्रार्थनामंदिर आहे. तेथील एका बंद खोलीत शेकडो वर्षांचे जुने कागद सापडले. त्यांत अकराव्या शतकातील व्यापाऱ्यांची पत्रे होती. गंमत म्हणजे या पत्रांपैकी बऱ्याचशा पत्रांची भाषा अरबी, पण लिपी हिब्रू आहे. हे मगरिबी व्यापारी आपला माल दूरच्या बंदरात पाठवत. तेथे त्यांचा आडत्या माल विकत असे. आडत्याने फसवले तर? समुद्रापलीकडे जाऊन त्याला कोण पकडणार?

त्यासाठी हे व्यापारी एकमेकांना सतत पत्रे लिहीत. कोणता आडत्या प्रामाणिक आहे, कोणी हिशेबात लबाडी केली, याची बातमी पत्रांतून सगळीकडे पोहोचत असे. ज्याने एकाला फसवले, त्याच्याशी इतरही व्यवहार करत नसत. अव्हनेर ग्राइफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी या पत्रांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले, की केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे, तर नाव खराब होण्याच्या भीतीने हा व्यापार चालत होता.

मुलांनो, हा मुद्दा लक्षात ठेवा. आजचे तंत्रज्ञान नवे आहे, पण त्यामागची युक्ती हीच जुनी युक्ती आहे.

पत्राऐवजी तारा

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार या तरुणाने इंटरनेटवर लिलावाची एक जागा सुरू केली. त्याचे आईवडील इराणी आणि जन्म पॅरिसचा. पुढे त्या जागेला 'ईबे' हे नाव मिळाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर! तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. बिघडलेली वस्तूसुद्धा विकली जाते, याचेच ओमिद्यारला नवल वाटले.

पण लवकरच अडचण आली. विकणारा एका गावात, घेणारा हजार मैलांवर. आधी पैसे पाठवायचे की आधी वस्तू? तक्रारी येऊ लागल्या. प्रत्येक भांडण सोडवणे एका माणसाला शक्य नव्हते. तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिद्यारने एक सोय केली. व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल शेरा लिहायचा. चांगला अनुभव आला तर अधिक एक, वाईट आला तर उणे एक, मधला असेल तर शून्य. हे शेरे सर्वांना दिसू लागले. कैरोच्या व्यापाऱ्यांची पत्रे जणू आता प्रत्येकाच्या दारावर चिकटवली गेली.

अशा शेऱ्यांचा खरोखर उपयोग होतो का? हे तपासण्यासाठी अमेरिकेतील काही संशोधकांनी एक सोपा प्रयोग केला. जुनी, संग्रहाची पोस्टकार्डे विकणारा एक अनुभवी विक्रेता त्यांनी बरोबर घेतला. त्याच्या नावावर पुष्कळ चांगले शेरे होते. त्याच माणसाने सारख्याच प्रकारची पोस्टकार्डे कधी आपल्या जुन्या नावाने, तर कधी नव्या, अपरिचित नावाने विकायला ठेवली. माल तसाच, विकणाराही तोच. फरक फक्त नावाचा. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के अधिक किंमत मिळाली होती. चांगल्या नावाची किंमत अशी आकड्यांत मोजली गेली.

हवेच्या गाद्या आणि रिकाम्या गाड्या

यानंतरची गोष्ट २००७ सालची. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोन तरुण एकत्र राहत होते. घरभाडे वाढले आणि ते भरण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नव्हते. त्याच वेळी शहरात वस्तूंची रचना करणाऱ्या कलावंतांची परिषद भरणार होती. हॉटेले भरून गेली होती. या दोघांनी हवा भरण्याच्या तीन गाद्या जमिनीवर टाकल्या आणि इंटरनेटवर जाहिरात दिली : रात्रीचे ८० डॉलर, सकाळी नाश्ता.

तीन पाहुणे आले. त्यांपैकी एक भारतातून तेथे शिकायला गेलेला विद्यार्थी होता. अनोळखी माणसे घरात राहिली, एकत्र जेवली, शहर फिरली आणि मित्र होऊन परत गेली. यातून २००८ मध्ये नेथन ब्लेचार्झिक या तिसऱ्या मित्राच्या मदतीने 'एअरबीएनबी' ही संस्था उभी राहिली. सुरुवातीला पैसेवाल्यांनी या कल्पनेकडे पाठ फिरवली. 'परक्या माणसाला आपल्या घरात कोण झोपू देईल?' ही शंका बहुतेकांच्या मनात होती.

फ्रान्समध्ये जवळजवळ असेच घडले. २००३ सालच्या नाताळात फ्रेदेरिक माझेला या तरुणाला पॅरिसहून आपल्या गावी जायचे होते. रेल्वेत जागा मिळेना. शेवटी त्याच्या बहिणीने वाट वाकडी केली आणि त्याला मोटारीतून नेले. वाटेत त्याने पाहिले, की रस्त्यावरील बहुतेक मोटारींत चालक एकटाच बसलेला आहे. रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही आणि मोटारींतील जागा मात्र रिकाम्या! २००६ मध्ये त्याने या रिकाम्या जागा वाटून देण्याची योजना सुरू केली. तीच पुढे 'ब्लाब्लाकार' या नावाने प्रसिद्ध झाली. 'ब्ला ब्ला' म्हणजे बडबड. आपण प्रवासात किती बोलतो, हेही तेथे आधी सांगता येते. एक 'ब्ला' म्हणजे अबोल, तीन 'ब्ला' म्हणजे गप्पिष्ट! २०१५ मध्ये ही सेवा भारतातही सुरू झाली.

विश्वासाच्या पाच पायऱ्या

या संस्था अनोळखी माणसांत विश्वास कसा निर्माण करतात? त्याच्या साधारण पाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ओळखीची. माणसाने आपले नाव, छायाचित्र आणि थोडी माहिती द्यायची. दुसरी पायरी तपासणीची. त्याचा फोन नंबर, ओळखपत्र, गाडी चालवण्याचा परवाना खरा आहे का, हे पाहिले जाते. तिसरी पायरी साक्षीची. आधी ज्यांनी त्याच्याबरोबर व्यवहार केला, त्यांनी दिलेले तारे आणि लिहिलेले अभिप्राय सर्वांना दिसतात.

चौथी पायरी पैशांची. पाहुणा पैसे आधीच भरतो, पण घरमालकाला ते लगेच मिळत नाहीत. एअरबीएनबीच्या पद्धतीत पाहुणा घरी पोहोचल्यावर साधारण २४ तासांनी पैसे मालकाकडे जातात. तोपर्यंत ते मधल्या संस्थेकडे ठेव म्हणून राहतात. तुमच्या घरी ज्याला 'अमानत' म्हणतात, तोच शब्द मराठीत 'अनामत' झाला आहे. पैसे तिसऱ्याच्या हाती अनामत राहिले, की दोन्ही बाजूंची काळजी मिटते.

पाचवी पायरी हमीची. एवढे करूनही नुकसान झालेच तर कोण भरून देणार? जून २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका महिलेने आपले घर पाहुण्याला दिले. परत येऊन पाहते तो काय, घराची नासधूस झालेली आणि मौल्यवान वस्तू गेलेल्या! या बातमीने मोठी खळबळ उडाली. विश्वासाची इमारत हादरली. तेव्हा ऑगस्ट २०११ मध्ये एअरबीएनबीने घरमालकांना ५० हजार डॉलरपर्यंतची हमी दिली. पुढच्या वर्षी ती १० लाख डॉलरपर्यंत वाढवली. पूर्वी एखाद्याला जामीन राहण्यासाठी गावातील वजनदार माणूस पुढे येत असे. आता ते काम संस्था करू लागली.

२०१६ मध्ये ब्लाब्लाकारने न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक अरुण सुंदरराजन यांच्यासह ११ देशांतील आपल्या सभासदांना प्रश्न विचारले. पूर्ण माहिती आणि चांगले अभिप्राय असलेल्या अनोळखी सभासदावर ८८ टक्के लोकांचा मोठा विश्वास होता. शेजाऱ्यांवर असा विश्वास फक्त ४२ टक्के लोकांचा होता! आकडे ऐकून आश्चर्य वाटते ना? पण सावध वाचकाने एक गोष्ट विसरू नये. ही माहिती संस्थेने आपल्याच सभासदांकडून घेतली होती. जे आधीच त्या गाड्यांत बसतात, ते 'विश्वास आहे' असेच म्हणणार.

तारे नेहमी खरे बोलतात का?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. एअरबीएनबीवर पूर्वी एकाने लिहिलेला अभिप्राय दुसऱ्याला लगेच दिसत असे. त्यामुळे लोक भिडेपोटी गोड लिहीत. 'मी वाईट लिहिले, तर तोही माझ्याबद्दल वाईट लिहील,' अशी धास्ती असे. म्हणून २०१४ मध्ये नियम बदलला. आता दोघांनीही लिहिल्यावर, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच अभिप्राय उघड होतात. तरीही माणसाची भीड पूर्णपणे सुटत नाही. २०१५ मधील एका अभ्यासात तेथील सुमारे ९५ टक्के घरांना साडेचार किंवा पाच तारे असल्याचे आढळले. वर्गातील ९५ मुलांना शंभरापैकी नव्वदच्या वर गुण मिळाले, तर हुशार कोण हे कसे कळणार?

काही लोक पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेतात. याला आळा घालण्यासाठी भारत सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी एक मानक जाहीर केले. ते भारतीय मानक ब्युरोने तयार केले आहे.

तपासणीत हयगय झाली, तर तारे काही कामाचे नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर अत्याचार झाला. त्या चालकावर पूर्वीही गुन्हे नोंदलेले होते, पण त्याची नीट चौकशी झालेली नव्हती. न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. २०१५ मध्ये त्या कंपनीने आपल्या भारतीय ग्राहकांसाठी धोक्याची सूचना देणारे बटण सुरू केले. हे बटण आधीच असते तर, आणि चौकशी आधीच झाली असती तर, असे राहून राहून मनात येते.

आणखी एक अडचण आहे. ती माणसाच्या मनातली आहे. २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील पाच शहरांत सुमारे ६,४०० घरमालकांना खोलीबद्दल विचारणा पाठवली. मजकूर सारखाच होता. फक्त काही पत्रांखाली गोऱ्या लोकांत आढळणारी नावे होती आणि काहींखाली काळ्या लोकांत आढळणारी. काळ्या वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी निघाले. ज्या नावाने आणि छायाचित्राने विश्वास वाढावा, त्यानेच दार बंद केले! टीका झाल्यावर २०१८ मध्ये एअरबीएनबीने नियम केला, की खोली पक्की झाल्यानंतरच पाहुण्याचे छायाचित्र मालकाला दिसेल. नाव मात्र दिसतच राहिले.

मी ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, माझं नाव बघून कुणी नाही म्हटलं तर मी काय करायचं?"

वर्ग शांत झाला. मी म्हणालो, "बेटा, आधी एवढं समजून घे, की चूक तुझ्या नावात नाही. बघणाऱ्याच्या नजरेत आहे. संस्थेकडे तक्रार करायची, लाज बाळगायची नाही. आणि उद्या दार उघडणं तुझ्या हातात आलं, तर समोरच्याचं नाव बघून ते बंद करायचं नाही."

तो मुलगा खाली बसला. माझ्या उत्तराने त्याचे किती समाधान झाले, हे मला ठाऊक नाही. पण त्याचा प्रश्न मी विसरलेलो नाही.

माझी एक चूक

मुलांनो, आता मी माझीच एक चूक तुम्हाला सांगतो. जुलै महिना होता. पाऊस कोसळत होता. अम्मीला ठाण्याला डॉक्टरांकडे न्यायचे होते. मी मोबाइलवरून टॅक्सी बोलावली. ती पंचवीस मिनिटे उशिरा आली. चालक म्हणाला, "साहेब, पुलाखाली पाणी भरलं होतं." मी काही बोललो नाही. ठाण्याला उतरल्यावर मात्र रागाच्या भरात एक तारा दिला आणि फोन खिशात टाकला.

काही दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. तो आता टॅक्सी चालवतो. बोलता बोलता मी त्याला हा प्रसंग सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "सर, तुमच्यासाठी तो एक तारा असतो. आमच्यासाठी ती रोजी असते. तारे फार खाली गेले, तर काम बंद होतं. पुलाखाली पाणी होतं, हे ताऱ्यात कुठे दिसतं?"

मी ओशाळलो. शाळेत मी उत्तरपत्रिका तपासतो. एखादे उत्तर चुकले, तरी मुलाने कुठपर्यंत बरोबर लिहिले आहे हे पाहून गुण देतो. उत्तर न वाचता शून्य देणाऱ्या शिक्षकाला तुम्ही काय म्हणाल? त्या चालकाचे उत्तर मी वाचलेच नव्हते. त्याच्या नशिबाने इतर लोकांनी त्याला चांगले तारे दिले असतील, अशी मी मनाची समजूत घातली. पण समजूत ती समजूतच.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. राग शांत झाल्यावरच अभिप्राय लिहितो. जे घडले तेच लिहितो. वाईट घडले असेल, तर भीड न बाळगता लिहितो, कारण माझ्यानंतर त्या गाडीत बसणाऱ्या माणसाला ते कळले पाहिजे. चांगले घडले, तर आळस न करता लिहितो, कारण त्या माणसाची पत त्यावर उभी आहे.

आपण काय करावे?

तुम्हीही उद्या असा प्रवास कराल. तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. गाडीत बसण्यापूर्वी तिचा नंबर मोबाइलवरील नंबराशी ताडून पाहा. चालकाचा चेहरा छायाचित्राशी जुळतो का ते पाहा. प्रवास सुरू करण्यासाठी जे अंक सांगावे लागतात, ते गाडीत बसल्यावरच सांगा. बँकेकडून आलेले गुप्त अंक मात्र कुणालाही, कधीही सांगू नका. आपण कुठे आहोत, हे घरच्यांना कळवत राहा. नुसते तारे मोजू नका, अभिप्राय वाचा. पाच ताऱ्यांपेक्षा पाच खऱ्या ओळी अधिक बोलतात. आणि तुमच्या वयाच्या मुलांनी मोठ्या माणसाशिवाय अशा गाडीत बसू नये, हे तर सांगायलाच नको.

मुलांनो, मोबाइल स्वतः कुणावर विश्वास ठेवत नाही. तो फक्त एकाची साक्ष दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. कैरोच्या व्यापाऱ्याचे पत्र पोहोचायला महिने लागत. आपला तारा क्षणात पोहोचतो. पण पत्र असो वा तारा, लिहिणारा माणूस खरा असेल, तरच त्याला किंमत आहे. तुम्ही दिलेली साक्ष वाचून उद्या एखादी अनोळखी बहीण गाडीत बसेल, एखादा अनोळखी भाऊ आपल्या घराचे दार उघडेल. ती साक्ष खरी असू द्या.

शब्दार्थ

निर्धास्त – न घाबरता, बेफिकीर
पत – बाजारातील नाव, साख
पेढी – सावकाराचे किंवा व्यापाऱ्याचे दुकान
आडत्या – दुसऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ, दलाल
शेरा – थोडक्यात लिहिलेले मत
अभिप्राय – मत, राय
हमी – खात्री, नुकसान भरून देण्याचे वचन
भीड – संकोच, लिहाज
हयगय – दुर्लक्ष, निष्काळजीपणा
साक्ष – गवाही
मानक – ठरवून दिलेले प्रमाण
ओशाळणे – शरमिंदा होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू कोणती?
(आ) मगरिबी व्यापाऱ्यांची पत्रे कोणत्या शहरात सापडली?
(इ) माझेलाला मोटार वाटून घेण्याची कल्पना कशी सुचली?
(ई) लेखकाने चालकाला एकच तारा का दिला?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(अ) कागदाला किंमत नव्हती. किंमत होती ती सावकाराच्या........... .
(आ) पोस्टकार्डांच्या प्रयोगात जुन्या नावाला ........... टक्के अधिक किंमत मिळाली.
(इ) एअरबीएनबीचे अभिप्राय उघड होण्याची मुदत ........... दिवसांची आहे.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शेअर रिक्षात बसताना आपल्याला भीती का वाटत नाही?
(आ) विश्वासाच्या पाच पायऱ्या कोणत्या?
(इ) '८८ टक्के' हा आकडा वाचताना सावध का राहावे?
(ई) "पुलाखाली पाणी होतं, हे ताऱ्यात कुठे दिसतं?" या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पाठ फिरवणे, वाट वाकडी करणे, आळा घालणे, मनाची समजूत घालणे.

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) अनामत, जामीन, हिशेब, इभ्रत हे शब्द अरबीतून मराठीत आले आहेत. तुमच्या भाषेत ते कसे बोलले जातात? त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ मराठीत बदलला आहे?
(आ) 'नोंद' या शब्दापासून 'नोंदवणे' हे क्रियापद तयार होते. याप्रमाणे 'हसणे', 'बसणे', 'शिकणे' यांची 'दुसऱ्याकडून करवून घेणे' या अर्थाची रूपे लिहा.

उपक्रम : तुमच्या वस्तीतील एखाद्या रिक्षा किंवा टॅक्सी चालकाला भेटा. 'प्रवाशांचा विश्वास तुम्ही कसा मिळवता?' असा प्रश्न विचारा. त्यांचे उत्तर आठ-दहा ओळींत मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.